खालची बरणी

सिद्रामअण्णा वॉर्डात शिरले की आधी खाटेखाली वाकून पाहायचे आणि मग माणसाच्या तोंडाकडे. डॉक्टर तोंडाकडे पाहत, नातेवाईक तोंडाकडे पाहत, शेजारच्या खाटेवरचा रोगीसुद्धा तोंडाकडेच पाही. हे मात्र गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकणार, तिथल्या काचेच्या बरणीत किती जमलंय, रंग कसा आहे ते बघणार, मग कंबर धरून उठणार आणि विचारणार, "काय मामा, डोळा लागला का न्हाय?" नव्या माणसाला वाटे, यांचं काहीतरी हरवलंय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

मी त्या हॉस्पिटलात कंपौंडर होतो. सोलापुरातलं हॉस्पिटल, एवढंच सांगतो. नाव सांगायची इच्छा नाही आणि सांगून उपयोगही नाही. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे ते दिवस. म्हातारपणी पुरुषांच्या लघवीच्या वाटेवर गाठ वाढते, लघवी अडते, माणूस गुरासारखा ओरडतो. पोट उघडून ती गाठ काढायचं ऑपरेशन आमच्याकडे नुकतं सुरू झालं होतं आणि मोठ्या डॉक्टरांचा त्यात चांगला हात बसला होता, हे मान्य केलं पाहिजे. पण ऑपरेशन तासाभराचं. त्यानंतरचे तीन दिवस खरे, आणि ते तीन दिवस सिद्राम ड्रेसरचे, म्हणजे जखमा धुऊन बांधणाऱ्या सिद्रामअण्णांचे असत.

गाठ काढली की लघवीच्या पिशवीत रक्त झिरपत राहतं. रक्ताची गुठळी होते, गुठळी नळीच्या तोंडाशी बसते आणि सगळं तुंबतं. म्हणून पिशवी सतत आतून धुवत ठेवायची. खाटेशेजारी लोखंडी स्टँड, त्याला टांगलेला इनॅमलचा पांढरा डबा, डब्यात उकळून कोमट केलेलं बोरिकचं पाणी. ते पाणी एका रबरी नळीने थेंब थेंब खालून पिशवीत जाई आणि पोटातून काढलेल्या दुसऱ्या नळीने, रक्त धुऊन घेऊन, खाटेखालच्या बरणीत पडे. दोन्ही नळ्यांवर एकेक चिमटा. ऐकायला सोपं. पण यात जराशी हयगय झाली की माणूस जातो, आणि जातो तोही हाल होऊन.

बोरिकचं पाणी करून द्यायचं काम माझं. कामावर लागून चार दिवस झाले असतील, सिद्रामअण्णा बाटली घेऊन माझ्या खिडकीशी आले. अंगात डागाळलेला डगला, खांद्यावर फडकं, पन्नाशीचा वाळका माणूस. म्हणाले, "कंपौंडरसाहेब, हात फुडं करा की." मी केला. त्यांनी बाटलीतलं पाणी सरळ माझ्या मनगटावर ओतलं. थंडगार होतं. "तुमच्या कातड्याला शिरशिरी आली न्हवं? आत उगडी जखम हाय. थंड पानी लागलं की पिशवी आवळती, मानूस कळवळतंय. पुना करून द्या." एका ड्रेसरने मला शिकवावं, याचा मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाणी मात्र तेव्हापासून कोमट दिलं.

ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. रोगी तळमळायला लागला की त्याच्या कपाळावर हात ठेवून "सुम्ने, सुम्ने" म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगी राहा. पहिल्या महायुद्धात ते तिकडे इराकात, बसऱ्याला जखमी वाहून नेणाऱ्यांत होते आणि तिथल्या इस्पितळात हे काम शिकले होते. शिकवणारा गोरा सार्जंट शिव्या देऊन शिकवी, पण बरोबर शिकवी, असं ते म्हणत. एका शिपायाची नळी तुंबली आणि वरून पाणी चालूच राहिलं, तो त्यांच्यादेखत गेला. त्याबद्दल एकदाच बोलले. "पानीच की ते. पान्यानं मारला त्येला."

तेव्हापासून त्यांचे नियम ठरलेले होते आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. डबा खाटेच्या वर दोन हातच, त्याहून उंच नाही. डबा रिकामा होऊ द्यायचा नाही. बरणी खाटेच्या खालीच, कुणी उचलून खाटेवर ठेवली तर ते अंगावर धावून जात. खाटेच्या पायाला एक पाटी बांधलेली असे, तिच्यावर किती डबे आत गेले आणि किती बरण्या बाहेर आल्या त्याच्या खडूच्या रेघा. "जेवढं आत गेलं तेवढं तरी भायेर आलंच पायजे. वर त्येची सोताची लघवी, ती निराळी." आणि एक वाक्य तर त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं, "खालचं थांबलं की आदी वरचं बंद करायचं. मग इचार, मग डागदर, मग देव."

शुक्रवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा बापाच्या उशाशी बसलेला असे. त्याने एकदा शक्कल लढवली. डबा जितका उंच तितका जोर जास्त, जोर जास्त तितकं लवकर बरं वाटणार. त्याने डबा काढून खिडकीच्या वरच्या गजाला बांधला. सिद्रामअण्णांनी आल्याबरोबर चिमटा लावला, डबा खाली घेतला आणि त्या मुलाला म्हणाले, "मालक, खालचं तोंड बांधल्याली कातड्याची पखाल बगितलीया न्हवं? तिच्यात वरनं जोरानं पानी घातलं तर काय हुतंय? हितं तर तुमच्या बापाचं प्वाट हाय." मुलगा चिडला. ऑफिसात जाऊन तक्रार केली की ड्रेसर उर्मटपणे बोलतो. आणि ऑफिसाने काय करावं? सिद्रामअण्णांना बोलावून मुलाची माफी मागायला लावली. बाप बरा होऊन घरी गेला, पेढे डॉक्टरांना गेले.

हे मी का सांगतोय? कारण त्या इमारतीत त्या माणसाची किंमत काय होती ते कळावं. नुकती मिसरूड फुटलेले डॉक्टर त्यांना अरे-तुरे करीत. ऑफिसातले कारकून मागे त्यांना "लघवीवाला" म्हणत, आणि ते मागेही फार हळू म्हणत नसत. स्वयंपाकघरातून सगळ्यांना चहा येई, त्यांचा पितळी पेला मात्र मागच्या पायरीवर वेगळा पालथा घातलेला असे. लोकांच्या पोटातली घाण काढतो म्हणून हा माणूस घाण, असा हा न्याय. मी स्वतः त्यांच्या पेल्याला कधी हात लावला नव्हता. त्या वेळी मला त्यात वावगंही वाटलं नव्हतं, आणि आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

आता त्या दिवसाचं सांगतो. मंगळवेढ्याचे रामभाऊ शिंपी आमच्याकडे दाखल झाले होते. साठी उलटलेले, हलक्या आवाजाचे, सगळ्यांना हात जोडणारे. बरोबर बायको, सरूबाई. ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलला पाहुणे यायचे होते. नव्या वॉर्डासाठी देणगी देऊ म्हणणारे एक शेठजी, त्यांच्या घरची मंडळी आणि त्यांच्याबरोबर एका बड्या साहेबाच्या मडम. आठवडाभर आमच्याकडे लगीनघाई चालली होती. भिंतींना चुना, दारांना रंग, खाटांवर नव्या कोऱ्या चादरी.

सकाळी धाकटे डॉक्टर वॉर्डात आले आणि त्यांनी हुकूम सोडले. खाटेखाली एकही भांडं दिसता कामा नये. चादरी छातीपर्यंत ओढून गादीखाली ताणून खोचायच्या. रामभाऊंच्या खाटेपाशी ते थांबले. इनॅमलचा डबा घासूनपुसून लखलखत होता. तो त्यांना आवडला. "हा चालू राहू दे," म्हणाले, "नवी पद्धत आहे, पाहुण्यांना दाखवता येईल. खालचं तेवढं काढा. बाईमाणूस येणार, रक्त दिसायला नको." मग त्यांनी स्वतःच्या हाताने पोटावरच्या नळीला चिमटा लावला आणि ती चादरीखाली सारली. "पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे," असं म्हणाले. बरणी मागे धुवायला गेली.

सिद्रामअण्णा तिथे नव्हते. त्यांना पहाटेच बजावलं होतं की पाहुणे जाईपर्यंत मागच्या मोरीच्या खोलीत राहायचं, असला डगला घालून पुढे यायचं नाही. दुसरा डगला त्यांना हॉस्पिटलने कधी दिला नव्हता, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

मी होतो. डब्यापाशीच उभा होतो, कारण डब्यात पाणी भरत राहायचं काम मला दिलं होतं. वरच्या नळीत मधे बसवलेल्या काचेच्या तुकड्यात पडणारे थेंब शेठजींना दिसले पाहिजेत, म्हणून. खालचा चिमटा लावताना मी पाहिला. आत जाणारं दिसावं आणि बाहेर येणारं झाकावं, हा त्या दिवसाचा शहाणपणा माझ्या डोळ्यांसमोर घडला आणि मी डब्याकडे वळलो.

पाहुणे पंधरा मिनिटांत येणार होते, ते पाऊण तासाने आले. मग दारात हारतुरे. मग मोठ्या डॉक्टरांचं भाषण. मी मधेच डब्यात पाणी ओतलं. रामभाऊंच्या कपाळावर घाम दिसायला लागला. सरूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "दादा, ह्यांच्या पोटात लई दुकतंय म्हनत्यात." मी धाकट्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. म्हणून मी सरूबाईंना सांगितलं, "थोडा दम धरा, साहेब लोक आलेत." हे माझे शब्द.

शेठजी खाटेपाशी आले तेव्हा रामभाऊंनी त्यांना हात जोडले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, हात थरथरत होते, आणि मडमला वाटलं असावं की हा गरीब माणूस उपकारांनी भारावलाय. त्या हसल्या. धाकटे डॉक्टर डब्याकडे बोट करून इंग्रजीत समजावून सांगू लागले. शेठजी म्हणाले, "वा, किती स्वच्छ!"

मागे मोरीच्या खोलीत बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. सिद्रामअण्णांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. रामभाऊंच्या बरणीच्या काठाला एक टवका उडालेला होता, म्हणून ती त्यांना ओळखू आली. बरणी इथे, मग नळी कशात सोडलीय? हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी आम्ही पाहिलं ते एवढंच की मागचं दार उघडलं आणि तो डागाळलेला डगला रेशमी साड्या आणि उपरणी बाजूला सारत सरळ खाटेपर्यंत आला.

त्यांनी आधी वरचा चिमटा बंद केला. मग ताणून खोचलेली चादर एका हिसड्याने उपसली आणि पोटावरच्या नळीचा चिमटा काढला. काहीच आलं नाही. गुठळी बसली होती. मडमनी तोंड फिरवलं, कुणीतरी किंचाळलं, धाकटे डॉक्टर ओरडले, "सिद्राम! चालता हो इथून!"

"जातू की," सिद्रामअण्णा मान वर न करता म्हणाले. "आदी गुठळी निगूंद्या."

नळी ते बोटांत धरून हलकेच पिळत होते, पोटाकडून खाली, पोटाकडून खाली. मला म्हणाले, "पिचकारी द्या. उकळल्याली. पानी थोडंच भरा." मी दिली. त्यांनी दोनच बोटांच्या जोरावर थोडंसं पाणी आत सोडलं, थोडं ओढून घेतलं, पुन्हा सोडलं. जोर केला नाही. "सुम्ने मामा, सुम्ने. झालंच." तिसऱ्या खेपेला मनुकेएवढी काळी गुठळी पिचकारीत आली, आणि मागोमाग सगळं तुंबलेलं रक्ताचं पाणी नळीतून सुटलं. खाली बरणी नव्हती. ते घासूनपुसून ठेवलेल्या फरशीवर पडलं आणि शेठजींच्या पांढऱ्या धोतरावर आणि पंपशूवर उडालं.

रामभाऊंनी श्वास सोडला तो अख्ख्या वॉर्डाने ऐकला. सरूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि रडायला लागल्या. बाकी सगळे शेठजींच्या धोतराकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. टेबलामागे तीन माणसं. कागद आधीच तयार होता. त्यात लिहिलं होतं की ड्रेसर सिद्राम हा खालची नळी उघडायला विसरला, आणि चूक लक्षात आल्यावर घाबरून त्याने पाहुण्यांसमोर, त्यातही स्त्रियांसमोर, रोग्याला उघडं पाडून हॉस्पिटलची बेअब्रू केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी वाचलं होतं, त्या दिवशी समोर पाहिलं. रामभाऊंना खाटेपाशी जाऊन विचारलं तर ते हात जोडून म्हणाले, "म्या अडाणी मानूस साहेब, चादरीखालचं मला काय दिसतंय? पर त्यो मानूस आला म्हनून जगलो." एवढं बोलायला त्यांना किती धीर करावा लागला असेल. ते वाक्य कागदात आलं नाही.

मग मला विचारलं, "हे असंच घडलं ना?" माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. नोकरी नवी होती. ही कारणं मी आजवर पुष्कळांना सांगितली आहेत आणि सगळ्यांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली आहे. मी सही केली.

सिद्रामअण्णांना त्याच दिवशी काढलं. जाताना ते भांडायला आले नाहीत. माझ्या खिडकीशी आले आणि रामभाऊंच्या नळीचं सांगायला लागले. आता रंग गुलाबी आलाय, अजून एक दिवस चालू ठेवा, मग पाणी पिवळं आलं की बंद करायला डॉक्टरांना विचारा, बरणी तुम्ही स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका. मी मान हलवत राहिलो. सहीचं त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मला चेहऱ्यावरून कळेना. त्या दिवसापासून ती बरणी मी माझ्या हाताने उचलली, ओतली, धुतली. पहिल्यांदा नाकाला रुमाल लावून. मग काही वाटेनासं झालं, आणि एवढ्यासाठी आपण एका माणसाचा पेला वेगळा ठेवला होता, या विचाराने तळपायाची आग मस्तकाला गेली. पण आता ती कुणावर काढणार?

रामभाऊ हळूहळू बरे झाले. नळ्या निघाल्या, पोटावरची जखम मिटली आणि एका सकाळी त्यांनी आपली आपण लघवी केली. त्याच दिवशी संध्याकाळी मी सिद्रामअण्णांच्या घरी गेलो. गिरणीमागच्या चाळीत एक खोली. ते दारात बसून सुतळीची गुंडाळी करत होते, कुठल्याशा वखारीत रोजावर लागले होते. मला पाहून उठले, घोंगडी टाकली.

"शिंपीमामाला लघवी सुटली का?" हे त्यांनी आधी विचारलं.

"सुटली. आज सकाळी. धार चांगली आहे."

"मग झालं की," ते म्हणाले, आणि खरोखर आनंदाने हसले.

मी घोंगडीवर बसलो आणि वाटभर मनात घोळवत आणलेलं बोलून टाकलं. "अण्णा, त्या कागदावर माझी सही आहे. माझं चुकलं. मला माफ करा."

ते सुतळी गुंडाळत राहिले. "सही हाय, ठावं हाय मला. नोकरी राकायला समदेच सही करत्यात. मीबी त्या व्यापाऱ्याच्या पोराची माफी मागितलीच हुती की. त्येचा राग न्हाय माजा." मग त्यांनी सुतळी खाली ठेवली. "पर कंपौंडरसाहेब, तुमी डब्यापाशी हुबा हुतासा. तासाच्या वर. वरचा चिमटा तुमच्या हातापासनं ईतभर हुता. पावनं खाटेपाशी येईस्तवर त्यो बंद केला असतासा तर डबा तसाच चकाकला असता, पावन्यांना कायबी कळालं नसतं, आन् तुमची नोकरीबी गेली नसती. कुनाला इचारायचंबी काम नव्हतं. तुमास्नी समदं ठावं हुतं, मीच सांगितल्यालं. मग उलटं पानी का वतत ऱ्हायलासा? येवडंच सांगा मला."

ते थांबले. आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होते ते, उत्तर मिळेल म्हणून वाट पाहत होते. आतून त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मी तो उचलला, पाणी प्यायलो आणि निरोप घेऊन उठलो. त्यानंतर त्यांच्याकडे जायचं मला धाडस झालं नाही. दोन वर्षांनी ते गेल्याचं एका हमालाकडून कळलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलं नाही, आणि तेव्हापासून आजवर पुष्कळ शोधूनही ते मला सापडलेलं नाही.